केतकीचा उःशाप

गेल्या आषाढात माझ्या मुलीला मुलगी झाली. बारशाच्या आठवडाभर आधी तिचा फोन आला. "बाबा, नाव ठरलं. केतकी. तिच्या आत्यानं सुचवलं आणि आम्हा दोघांनाही आवडलं. बारशाला येणाऱ्यांना छोटी कार्डं द्यायची आहेत. त्यावर नाव आणि खाली एका ओळीत अर्थ. तू एवढं वाचत असतोस, तूच लिहून दे."

मी 'देतो' म्हणालो आणि फोन ठेवला. मग मात्र बराच वेळ नुसता बसून राहिलो. कारण हेच नाव अठ्ठावीस वर्षांपूर्वी माझ्या घरात एकदा येऊन परत गेले होते. फोनवर बोलणाऱ्या या मुलीसाठीच मी ते सुचवले होते. आईने एका वाक्यात मोडीत काढले. "महादेवाला न चालणारं फूल, त्यात खोटी साक्ष दिलेलं. लेकीला असलं नाव ठेवतोस?" आमचे कुलदैवत शंकर. मी गप्प बसलो आणि मुलीचे नाव दुसरे ठेवले गेले. आईच दर वर्षी भाद्रपदात मला खाडीकाठी पिटाळून गणपती-गौरीसाठी केवड्याचे कणीस आणायला लावायची, ही गोष्ट तेव्हा मला सुचली नाही. सुचली असती तरी आईपुढे बोलण्याची माझी छाती नव्हती.

एका ओळीच्या अर्थासाठी मी पुस्तके काढली. त्यांतून हा लेख झाला. मी संस्कृतचा पदवीधर नाही, वनस्पतिशास्त्राचाही नाही. नोकरी सांभाळून, ग्रंथालयांतून पुस्तके आणून जे वाचले त्यावर हे लिहीत आहे.

पुस्तकातला अर्थ

बाळांच्या नावांची पुस्तके आता घरोघरी असतात. त्यांत केतकीपुढे 'एक सुगंधी फूल' किंवा 'सोनेरी फूल' असे लिहिलेले आढळते. यात चूक काही नाही. पण जाई, जुई, सायली, बकुळ यांपुढेही हेच लिहिलेले असते. नाव कोणतेही असो, सगळ्यांच्या कार्डावर एकच ओळ छापून भागेल.

'सोनेरी' कुठून आले, ते मात्र सांगता येते. निघंटूंमध्ये केतकाबरोबर 'सुवर्णकेतकी' वेगळी सांगितली आहे आणि कोकणातही काही जण पांढरा तो केवडा आणि पिवळी ती केतकी असा भेद करतात. त्या जोडनावातला 'सुवर्ण' सुटून पुढे केतकीलाच चिकटला. आपल्याकडे अंबाड्यावर खोचायच्या सोन्याच्या दागिन्यांतही केवडा आणि केतक आहेत. फूल आणि सोने यांची सोयरीक तशी जुनीच.

पण संस्कृतने या झाडाला आणखीही नावे दिली आहेत आणि ती नावांच्या पुस्तकात येत नाहीत. एक नाव सूचिकापुष्प, म्हणजे सुईसारखे फूल असणारा. दुसरे क्रकचच्छद, म्हणजे करवतीसारखी पाने असणारा. तिसरे धूलिपुष्पिका, म्हणजे जिच्या फुलातून धूळ झडते ती. सुई, करवत आणि धूळ! ही नावे देणाऱ्यांनी केवडा लांबून हुंगलेला नव्हता, बनात शिरून तोडला होता. ज्याने एकदा केवडा काढला आहे त्याला 'क्रकचच्छद' समजावून सांगावा लागत नाही. पानाच्या दोन्ही कडांना काटे, शिवाय मधल्या शिरेवरही काटे. मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडे घेऊनच माणूस घरी येतो.

कालिदासाने 'मेघदूता'त दशार्ण देशाचे वर्णन केले आहे. मेघ तिथे पोहोचेल तेव्हा उपवनांची कुंपणे टोकाशी उमललेल्या केतकांनी फिकट पांढुरकी झालेली असतील, असे यक्ष सांगतो. कवीने केतक ठेवला आहे तो बागेच्या मधोमध नव्हे, कुंपणावर. कोकणातल्या वाडीतही तो तिथेच असतो. गुरे आत येऊ नयेत आणि खाडीकाठची माती धरून ठेवावी म्हणून तो असतो. सुगंध हे त्याचे वरकड काम.

झाड काय सांगते

वनस्पतिशास्त्रात केवडा 'पँडॅनस' या प्रजातीत येतो. या प्रजातीत नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात. मादी झाडाला अननसासारखे दिसणारे फळ धरते. आपण ज्याला केवड्याचे कणीस म्हणतो, फिकट पिवळसर पात्यांत गुंडाळलेला, घरभर दरवळणारा तो तुरा फक्त नर झाडाला येतो. 'धूलिपुष्पिका' या नावातली धूळ म्हणजे त्याचेच परागकण.

ओडिशातल्या गंजम जिल्ह्यात केवड्याचे अत्तर आणि केवडाजल काढण्याचा मोठा व्यवसाय आहे. तांब्याच्या डेगेत फुले आणि पाणी घालून ती उकळतात आणि वाफ भपक्यात थंड करून अर्क धरतात. गंजमच्या केवड्याला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. बिर्याणीत, मिठाईत, सरबतात आपण जो केवडा घालतो तो बहुतेक तिथलाच. हा सगळा बाजार उभा आहे तो नर फुलावर.

याचा अर्थ असा की ज्या सुगंधासाठी आपण मुलीला केतकी म्हणतो, तो सुगंध नर झाडाचा आहे. मराठीने हे नकळत बरोबर पकडले होते. आपण 'तो केवडा' म्हणतो. 'केवडा' हा शब्दही 'केतक' या पुल्लिंगी रूपापासूनच प्राकृतातून घासत घासत आपल्यापर्यंत आला. 'ती केतकी' मात्र संस्कृतातून थेट उचललेली आहे.

नावाला झाडाचे लिंग लावून बघायचे नसते, हे मला कळते. मुलाचे नाव सुमन असते, मुलीचेही असते. हा तपशील मी सांगितला तो पुढच्या मुद्द्यासाठी.

शाप कोणाला

केतकीच्या शापाची कथा बहुतेकांनी ऐकलेली असते. ब्रह्मा आणि विष्णू यांच्यात श्रेष्ठ कोण, यावरून वाद झाला. मध्ये आदि-अंत नसलेला अग्निस्तंभ प्रकटला. विष्णू वराह होऊन तळ शोधायला खाली गेला, ब्रह्मा हंस होऊन वर गेला. अंत कोणालाच सापडला नाही. विष्णूने तसे कबूल केले. ब्रह्म्याला वाटेत वरून पडणारे केतकीचे फूल भेटले. 'मी शेंडा पाहिला, अशी साक्ष दे' असे त्याने त्याला सांगितले. फुलाने साक्ष दिली. शंकर प्रकटला, ब्रह्म्याला शासन झाले आणि फुलाला शाप मिळाला की तू माझ्या पूजेत चालणार नाहीस.

आईला माहीत होती ती ही कथा. मलाही तेवढीच माहीत होती. या खेपेस मी शिवपुराणातल्या विद्येश्वरसंहितेचे ते अध्याय ग्रंथालयात बसून, शेजारी शब्दकोश ठेवून वाचले. तिथे दोन गोष्टी आढळल्या.

पहिली अशी की, तिथे शंकर ज्याला फटकारतो तो 'केतक' आहे. संबोधन पुल्लिंगी आहे, विशेषणे पुल्लिंगी आहेत. खोटी साक्ष देणारा 'तो' आहे. इतर काही कथांत मात्र हे फूल स्त्रीलिंगी होते. गयेच्या कथेत सीतेने केलेल्या पिंडदानाबद्दल फल्गू नदी आणि गाय यांच्या जोडीने केतकीही खोटे बोलते आणि सीतेचा शाप घेते. लोकांच्या तोंडी कथा फिरता फिरता केतक मागे पडला आणि खोटारडी ठरली ती केतकी. सुगंध नराचा, एका पुराणात अपराधही नराचा. आपण दोन्हींसाठी स्त्रीलिंगी नाव वापरतो. फरक एवढाच की सुगंध सांगताना मुलीचे कौतुक होते आणि अपराध सांगताना मुलीचे नाव बदलले जाते.

दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. त्याच अध्यायात, शापानंतर लगेच, फूल शंकराची विनवणी करते. तुझे दर्शन झाल्यावरही माझा जन्म व्यर्थच जायचा का, असा त्या विनवणीचा भाव आहे. शंकर प्रसन्न होतो. माझा शब्द मोडणार नाही, मी स्वतः तुला धारण करणार नाही, असे तो म्हणतो. पण माझे भक्त तुला धारण करतील आणि मंडपाच्या छताच्या रूपाने तू माझ्या डोक्यावर असशील. पायाशी नाही तर नाही, पण डोक्यावर जागा मिळाली.

हा उःशाप आपल्याकडे कोणी सांगत नाही. मी कीर्तने ऐकली आहेत, व्रतांच्या पोथ्या चाळल्या आहेत, आईकडून लहानपणी ही कथा अनेकदा ऐकली आहे. गोष्ट नेहमी शापावर संपते. शाप लक्षात ठेवायला सोपा असतो, कारण त्यातून एक नियम निघतो: हे फूल चालत नाही. उःशापातून नियम निघत नाही, म्हणून तो गळून पडतो.

पोथीतून गळलेला उःशाप व्यवहारात मात्र टिकलेला दिसतो. गणपतीला वाहायच्या एकवीस पत्रींत केवडा आहे. म्हणजे बापाला वर्ज्य आणि मुलाला प्रिय. गौरीपुढे केवडा असतो. बायका केवड्याची पाती वेणीत माळत आणि लुगड्यांच्या घड्यांत ठेवत. गुजरातेत भाद्रपद शुद्ध तृतीयेला, म्हणजे आपल्या हरतालिकेच्याच दिवशी, 'केवडा त्रीज' असते. त्या दिवशी बायका उपास करून शिव-पार्वतीला केवडा वाहतात आणि दिवसभर केवडा हुंगतात. ज्या देवाने नाकारले त्यालाच वर्षातून एकदा तेच फूल वाहायचे, हे बायकांनी ठरवले. माझ्या आईचेही असेच होते. तोंडाने ती शाप सांगत होती आणि हाताने उःशाप पाळत होती.

कोणते फूल नाव होते

आता लोकप्रियतेबद्दल. माझ्या आजीच्या पिढीत फुलांची नावे होतीच. शेवंता, गुलाब, चंपा, चमेली ही नावे गावोगाव होती. आज त्यांपैकी एकही नाव कोणी मुलीला ठेवताना दिसत नाही. फुले तीच आहेत, बाजारात त्यांना मागणीही तीच आहे. शेवंतीवाचून दसरा होत नाही, पण शेवंता नाव ठेवले तर लोक हसतील. दुसरीकडे माझ्या मुलीच्या पिढीत जाई, जुई, सायली, केतकी ही नावे शाळेच्या हजेरीपटात सहज सापडत.

ही निवड सुगंधावर होत नाही. ती होते ते नाव आधी कोणी वापरले यावर. शेवंता, चंपा ही नावे कष्टकरी बायकांची म्हणून ओळखली जाऊ लागली. चमेली तमाशातून आणि सिनेमातून फिरली. पुढे त्याच नावाचा हिंदी चित्रपट आला, त्यातली नायिका देहविक्रय करणारी होती. त्यानंतर बारशाला ते नाव कोण घेणार? शिकलेल्या मध्यमवर्गाने ही नावे सोडली आणि ज्यांवर कोणाच्या वापराचा डाग नाही अशी फुले शोधली. केतकी हे असेच कोरे नाव होते. ते पुस्तकातून आले. शेजारच्या घरातली कोणी केतकीबाई आठवावी, अशी सोय नव्हती.

म्हणूनच केवडा नावाची मुलगी मला आजवर भेटलेली नाही. फूल एकच आहे. पण 'केवडा' बाजारातला, टोपलीतला, खाडीकाठचा शब्द. 'केतकी' काव्यातला. मुलीला फूल तर हवे, पण त्या फुलाला टोपलीचा वास नको. मी स्वतः अठ्ठावीस वर्षांपूर्वी केतकीच सुचवले होते, केवडा नव्हे. तेव्हा हे मी दुसऱ्या कोणाला दोष देण्यासाठी सांगत नाही.

नाव पसरायला आणखी कारणे झाली. गाण्यांनी त्याला घरात आणले. १९५६च्या 'बसंत बहार'मधली पंडित भीमसेन जोशी आणि मन्ना डे यांची जुगलबंदी केतकीच्याच नावाने सुरू होते. सुमन कल्याणपूर यांनी गायलेले, अशोकजी परांजपे यांचे केतकीच्या बनातल्या मोराचे भावगीत आकाशवाणीमुळे मराठी घरांत पोहोचले. ज्यांनी केवड्याचे बन कधी पाहिले नव्हते त्यांच्याही कानात 'केतकी' हा शब्द बसला. पत्रिकेचेही एक कारण आहे. पुनर्वसू नक्षत्राच्या पहिल्या चरणाचे अक्षर 'के'. मिथुन राशीची मुलगी या चरणावर जन्मली की 'के'पासूनची नावे शोधली जातात आणि मुलींसाठी अशी नावे थोडीच आहेत. थोरला केतन असला तर धाकटी केतकी, ही जोडीही अनेक घरांत जुळली.

केटी आणि केतकी

हे नाव साहित्यात कोणी नीट वापरले आहे का, हे शोधताना रवींद्रनाथांच्या 'शेषेर कविता' या १९२९ सालच्या कादंबरीशी थांबलो. अमित राय आणि लावण्य यांची प्रेमकथा म्हणून ती आपल्याकडेही वाचली जाते. तिच्यात केतकी मित्र नावाची एक मुलगी आहे. इंग्लंडात असताना अमितने तिच्या बोटात अंगठी घातली होती. पुढे ती फॅशनच्या जगात शिरली आणि केतकीची 'केटी' झाली. लेखक तिच्या रंगलेल्या चेहऱ्याची, तिच्या वागण्याची यथेच्छ थट्टा करतो. शिलाँगला ती येते, अमित दुसरीकडे गुंतला आहे हे तिला कळते, ती अंगठी काढून ठेवते आणि त्या रंगलेल्या चेहऱ्यावरून डोळ्यांतले पाणी ओघळते. शेवटी अमित तिच्याशीच लग्न करतो. केटीची पुन्हा केतकी होते.

या कादंबरीवर बोलताना लोक लावण्याबद्दल बोलतात. अमित शेवटी जी तुलना करतो तीही प्रसिद्ध आहे. केतकीचे प्रेम म्हणजे रोज भरून रोज प्यायचे घागरीतले पाणी आणि लावण्याचे प्रेम म्हणजे मन ज्यात पोहते ते तळे. मला हे वाचताना दर वेळी अस्वस्थ वाटते. केतकीचे नाव परत मिळाले हे खरे, पण ते देणारा अमित आहे आणि त्या नावात काय भरायचे हेही तोच ठरवतो. केटी झाली तेव्हा तिचे काय चुकले, याचा हिशेब पानोपानी आहे. अंगठी देऊन विसरणाऱ्याच्या चुकीची मात्र पुढे सुंदर उपमा होते. इथे मला पुन्हा तो अग्निस्तंभ आठवतो. साक्ष द्यायला लावणारा एक, लोकांच्या ध्यानात राहणारी दुसरीच.

तरीही रवींद्रनाथांनी एक गोष्ट अचूक केली. त्यांची केतकी नाजूक नाही. तिला कडा आहेत, ती लागते, बोचते, दुखावली की परतून जाते. 'एक सुगंधी फूल' एवढ्यावर तिला बसवता येत नाही. क्रकचच्छद हे नाव त्या कादंबरीत कुठे येत नाही, पण बाई तशी आहे.

एक ओळ

बारशाच्या दोन दिवस आधी मुलीचा पुन्हा फोन आला. छापणारा घाई करतोय म्हणाली. मी तिला सगळे सांगितले: करवतीची पाने, नराचे फूल, केतक आणि केतकी, शाप, उःशाप, मंडपाचे छत. तिच्या आजीने हे नाव एकदा नाकारले होते आणि ते तिच्याचसाठी होते, हेही सांगितले. तिला हे माहीत नव्हते. पलीकडे थोडा वेळ शांतता झाली. मग ती म्हणाली, "म्हणजे मी केतकी होणार होते?"

"हो."

"मग तेव्हा तू आजीला काही बोलला का नाहीस?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. तेव्हा मी पुस्तक उघडून बघितले नव्हते. शापाच्या पुढची चार वाक्ये वाचली असती तर आईला सांगता आली असती. पोथीतला शब्द म्हटल्यावर तिने निदान ऐकून तरी घेतले असते. माणसे नावे नाकारतात किंवा स्वीकारतात ती अर्ध्या ऐकलेल्या गोष्टींवर. माझ्या आईने शापापर्यंतची गोष्ट धरली, नावांची पुस्तके सुगंधापर्यंतची धरतात. मला दोन्ही अपुऱ्या वाटतात. या नावात काटा, कुंपण, बाजार आणि देवाच्या डोक्यावरची जागा हे सगळे आहे. ज्या मुलीला ते मिळणार तिला ते पूर्ण मिळावे.

शेवटी कार्डावर 'एक सुगंधी फूल' छापले नाही. मी सुचवलेली ओळ अशी होती: 'केतकी: करवतीच्या पानांत राहणारे, शंकराने नाकारलेले आणि मग त्याच्याच मंडपाचे छत झालेले फूल.' मुलीच्या सासूबाईंना ती लांब वाटली. 'नाकारलेले' हा शब्द बारशाला बरा दिसत नाही, असेही त्या म्हणाल्या. त्यांचे अगदीच चूक नाही. मुलीने मधला मार्ग काढला. कार्डावर फक्त नाव छापले, खाली जागा मोकळी सोडली आणि माझी ओळ हाताने लिहून ते एक कार्ड बाळाच्या कपड्यांच्या पेटीत ठेवले.

या भाद्रपदात मी गणपतीला केवडा आणला. आई आता नाही. कणीस देवापुढे ठेवले आणि एक पाते काढून पुण्याला पाठवायच्या पुडीत बांधले. बांधताना त्याच्या कडेचा काटा लागलाच.